माशी अंदाजाची नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत कोकणातल्या ठासणीच्या बंदुकांवर लेख आला होता, तो भावाने मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि मी दोनदा वाचून काढला, कारण मी मूळचा कुडाळ तालुक्यातला, आजोबांच्या नावावर शेती राखायच्या लायसनची अशी एक बंदूक होती आणि तिचा बार ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो. लेख चांगला होता. डुकरं-माकडं, लायसनचं रिन्यूअल, इलेक्शन आलं की बंदूक खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करायची, हे सगळं बरोबर आलंय. अडलो फक्त एका वाक्यापाशी. त्यात म्हटलंय की ठासणीच्या बंदुकीवर नळीच्या टोकाला नुसती माशी, म्हणजे नेम धरायचा छोटा उंचवटा, असायची आणि बाकी नेम सगळा अंदाजपंचे. छर्रे भरायच्या बंदुकीपुरतं हे एकवेळ मान्य करू, पण पुढे लेखात सगळ्याच ठासणीच्या हत्यारांना, रायफललासुद्धा, हेच लागू केलंय आणि ते मला पटलं नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आजोबा बंदूक साफ करायला पडवीत बसायचे ते मला आजही दिसतं. कढत पाणी, गजाला गुंडाळलेली चिंधी, काळं पाणी संपून स्वच्छ येईपर्यंत तेच तेच, मग खोबरेल. सगळं झालं की बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून दस्ता माझ्या खांद्याला लावायचे आणि समोरच्या माडाकडे नेम धरायला सांगायचे. मी साहजिकच माडाकडे बघायचो. ते म्हणायचे, "पयली माशी बघ, मगे डुकर." आजोबा चौथी शिकलेले. पुढे कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल चालवताना उस्ताद हिंदीतून फोरसाइटची, म्हणजे माशीचीच, टिप टिप म्हणून ओरडायचे ते तेच, आणि इथे अमेरिकेत पहिल्यांदा ठासणीची रायफल हातात घेतली तेव्हा क्लबातल्या म्हाताऱ्या शूटरने इंग्रजीत सांगितलं तेही शब्दशः तेच. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. नळीवरची मागची खाच, पुढची माशी (या दोघी म्हणजे साइट) आणि लांबचं टार्गेट, तिन्ही एकदम स्पष्ट कुणालाच दिसत नाही, तेव्हा टार्गेट थोडं धूसर राहू दे, खाचही राहू दे, पण माशीची कड लख्ख दिसली पाहिजे.

मी गेली बावीस वर्षं सिनसिनाटीत आहे, टूलरूममध्ये काम करतो. इथून तासाभरावर इंडियानात फ्रेंडशिप नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं घर आहे. ही संस्था १९३३ ची. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, तिथे देशभरातून लोक जमतात, नळीच्या तोंडातून दारू ओततात, तेल लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून शिशाची गोळी गजाने खाली ठासतात आणि २५, ५०, १०० यार्डांवर मॅच खेळतात. चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने बार काढायच्या) रायफलच्या वेगळ्या मॅच, टोपीच्या (हातोडीने फुटणाऱ्या केपाच्या) वेगळ्या. टेलिस्कोप नाही, बऱ्याच पारंपरिक मॅचमध्ये स्क्रू फिरवून खालीवर होणारी साइटसुद्धा चालत नाही. जागच्या जागी बसवलेली खाच आणि जागच्या जागी बसवलेली माशी, बस. एवढ्यावर लोक पन्नास यार्डांवर एकात एक भोकं पाडतात हे मी डोळ्यांनी बघतो, मग अंदाज म्हणायचं तरी कशाला?

आता महाराष्ट्रात पन्नास मीटर रायफल म्हणजे काय हे सांगायला नको, आपल्या राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं तेव्हा माझ्या आईनेसुद्धा फोनवर थ्री पोझिशन म्हणजे काय ते विचारलं होतं. पण त्या रायफलवर मागे बारीक भोकाची पीप साइट असते आणि तिला क्लिक असतात, गोळी उजवीकडे जातेय, फिरवा दोन क्लिक डावीकडे, झालं. आमच्याकडे क्लिक नाही. आमचं क्लिक म्हणजे कानस.

आणि कानस हे फार प्रामाणिक हत्यार आहे, घेतलेलं परत देत नाही.

हिशोब सांगतो, कारण यातच अंदाजपंचे या शब्दाचं उत्तर आहे. माझ्या रायफलवर खाच आणि माशी यांच्यात ३० इंच अंतर आहे. पन्नास यार्ड म्हणजे १८०० इंच. अठराशेला तीसने भागलं की साठ. म्हणजे माशीपाशी जी चूक होईल ती टार्गेटवर साठपट होऊन दिसते. साध्या वहीच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी, तेवढी माशी खाचेत एका बाजूला सरकली तर गोळी ६ मिमी हलते. उलटही तसंच, गोळी ६ इंच खाली पडत असेल तर सहाला साठने भागा, ०.१ इंच, म्हणजे अडीच मिमी माशी घासायची. ज्याची त्याची रायफल वेगळी, पट वेगळी, पण हे गणित शाळेतल्या समरूप त्रिकोणांचंच आहे.

घासल्यावर गोळी वर जाते यात नवीन माणूस हमखास गोंधळतो. मागची खाच जिकडे हलवाल तिकडे गोळी जाते, माशी हलवाल तर उलट. माशी बुटकी केली की तिचं टोक खाचेच्या कडेला आणायला नळी थोडी वर उचलावी लागते, म्हणून गोळी वर. म्हणूनच रायफल बनवणारा कारागीर माशी मुद्दाम उंच ठेवतो, नवी रायफल पहिल्या दिवशी खालीच मारते आणि तशीच मारायला हवी. डावी-उजवीकडचं सुधारायला माशी किंवा खाच डव्हटेलमध्ये, म्हणजे ती बसते त्या आडव्या खोबणीत, पितळी पंचने हळू ठोकून सरकवायची, आधी नळीवर आणि साइटवर मिळून एक बारीक रेघ मारून ठेवायची म्हणजे किती सरकली ते कळतं. लोखंडी पंच वापरू नका, साइट चेपते.

माझ्या हातून झालेली चूक इथे सांगतोच, कुणाच्या तरी माशीचं पातं वाचेल. रायफल .४५ ची, पहिल्या वर्षी मी हौसेने ४५ ग्रेन (ग्रेन हे दारू मोजायचं माप) दारूवर साइट जुळवली, सहा आठवडे दर शनिवारी थोडं थोडं घासत पन्नास यार्डांवर अगदी मधोमध आणली. पुढच्या वसंतात १०० यार्डांची मॅच खेळायची म्हणून वेगवेगळे भार करून बघितले तर ६० ग्रेनला ही नळी कितीतरी छान जमते असं दिसलं, भोकं एकमेकांना चिकटायला लागली, पण पन्नासवर सगळी दीड इंच वर. दीडला साठने भागा, ०.०२५ इंच, मिमीत जेमतेम ०.६. एवढंसं धातू मला हवं होतं आणि ते मागच्या वर्षीच कानशीच्या दातांत जाऊन गॅरेजच्या फरशीवरून झाडूने निघून गेलं होतं. उपाय दोनच होते. मागची खाच खोल करून तिची वरची कड त्या मानाने खाली घ्यायची, खाच खाली गेली की मारही खाली येतो, किंवा नवीन पातं. खाचेचा आकार मला आवडत होता, तो बिघडवायचा नव्हता, म्हणून नवीन पातं केलं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे, आधी गोळी, कापड, तेल आणि दारूचा भार कायम करायचा, एका जागी गोळ्यांचा दाट ग्रुप पडतोय याची खात्री झाली की मगच कानशीला हात लावायचा. ग्रुप कुठे पडतोय याची काळजी शेवटी.

आता निवडायची कशी. यावर इथे लोक तासन्तास बोलतात, मी मला काय पटलं ते लिहितो.

बकहॉर्न म्हणून एक मागची साइट असते, खाचेच्या दोन्ही बाजूंना वर वळलेली शिंगं. दिसायला रुबाबदार, सिनेमातल्या रायफलींवर हीच, पण ती शिंगं टार्गेटच्या आजूबाजूचं बरंच झाकतात आणि कागदावर मॅच खेळताना मला त्यांचा काडीचा उपयोग वाटत नाही. अर्ध्या शिंगांचीही मिळते, ती बरी. मी वापरतो ती वरून सपाट, मधे चौकोनी छोटी खाच. पुढची माशीही वरून सपाट. यामागे कारण आहे, माशीचं टोक गोल मण्यासारखं असेल तर त्याचा नेमका माथा कुठे हे दरवेळी डोळा वेगळं ठरवतो, आणि खाच व्ही आकाराची असेल तर माशी त्यात किती खोल बसलीय हेही दरवेळी वेगळं, मग गोळ्या खालीवर पसरतात. दोन सपाट कडा एका रेषेत आणणं मात्र डोळ्याला फार सोपं जातं, गवंडी पाणसळीशिवायही दोन विटांची पातळी बरोबर सांगतो तसं. जंगलात अंधुक उजेडात शिकार करणाऱ्याला मणी चांगला असेल, माझं बोलणं कागदाच्या टार्गेटपुरतं.

रुंदीचं म्हणाल तर जुनी पाती फार बारीक, मिमीभराची. तरुण डोळ्याला ठीक. मला पन्नाशीनंतर ते पातं राखाडी केसासारखं दिसायला लागलं, आहे की नाही कळेना. मी २ मिमीचं केलं. माझ्या डोळ्यापासून ते साधारण १.२८ मीटरवर येतं, म्हणजे पन्नास यार्डांवर ते सात सेंमी रुंदी झाकतं. ऐकायला जास्त वाटेल पण नेम काळ्या गोलाच्या खालच्या कडेला, घड्याळातल्या सहाच्या जागी धरायचा असल्यामुळे काही झाकलं जात नाही. खाच मात्र माशीपेक्षा रुंद हवी, दोन्ही बाजूंना उजेडाची एकेक पट्टी दिसली पाहिजे. त्या दोन पट्ट्या सारख्या दिसतात की नाही हे डोळा अचूक सांगतो, पण पट्टीच दिसत नसेल तर काय सांगणार? मला एकेक पट्टी पात्याच्या निम्मी रुंद लागते, कुणाला कमी लागत असेल.

खाच कुठे बसवायची हा वेगळाच विषय. चाळिशी लागली की जवळचं धूसर होतं, म्हणून पहिली जाते ती मागची खाच. माझी खाच दारू पेटते त्या ब्रीचच्या टोकापासून सात इंचांवर होती, ती साडेदहावर नेली, नवीन डव्हटेल पाडलं आणि जुन्यात लोखंडाचा तुकडा बसवून नळीच्या पातळीत घासून टाकला. साइटमधलं अंतर साडेतेहतीसचं तीस झालं, पण खाचेच्या कडा परत दिसायला लागल्या, सौदा फायद्याचाच. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या लांब रायफली बघाल तर बऱ्याच जणींवर खाच अशीच चांगली वीतभर पुढे असते, त्या कारागिरांनाही म्हातारी गिऱ्हाइकं असणारच. चष्म्याचं पण सांगतो, जवळच्या नंबरचा चष्मा लावून शूट करू नका, लांबच्या नंबरात अर्धा प्लस वाढवलेली एक साधी काच डॉक्टरांकडून करून घ्या, माशी कडक दिसते आणि टार्गेट फार हरवत नाही.

उजेडाचं प्रकरण सगळ्यांत दगाबाज. चांदीच्या किंवा पितळेच्या पात्यावर ऊन एका बाजूने पडलं की ती बाजू चमकते आणि डोळा चमकणाऱ्या भागालाच माशी समजून तो भाग खाचेच्या मधोमध आणतो. ऊन उजवीकडून असेल तर उजवी बाजू चमकते, ती मधे आली म्हणजे खरं पातं डावीकडे गेलेलं असतं, गोळी डावीकडे, उन्हापासून दूर. एका ऑक्टोबरात आमच्या क्लबाच्या रेंजवर सकाळी मी मधोमध मारत होतो आणि दुपारी तीननंतर सगळा ग्रुप दीड इंच डावीकडे. मी येड्यासारखा पंच काढून माशी ठोकायला निघालो होतो. शेजारी एक पंचाहत्तरीचे आजोबा बसलेले, त्यांनी काही न बोलता खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला, पेटवला आणि दारूचं सामान दूर ठेवायला लावून माझ्या पात्याखाली धरला. काजळी चढताना मी जवळून बघत होतो, आधी पितळ धुरकट, मग तपकिरी, मग एकदम मखमलीसारखं काळं, कड कापल्यासारखी. पुढच्या तीन गोळ्या मधोमध. त्या दिवशी मी माशी ठोकली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप दीड इंच उजवीकडे गेला असता आणि मी परत ठोकत बसलो असतो. तेव्हापासून डबीत मेणबत्ती असते, शिवाय पात्याची माझ्याकडची बाजू किंचित आत झुकती घासून घेतलीय म्हणजे तिच्यावर सावली राहते.

घासायची पद्धत एवढीच सांगतो. हिशोबाने अडीच मिमी निघत असेल तर पहिल्यांदा दीड-पावणेदोनच काढा. नळीला टेप गुंडाळा, कानस बारीक दाताची घ्या, पुढे ढकलताना दाब, मागे आणताना उचलायची, आणि माथा सपाट राहतोय का ते उजेडासमोर धरून दर चार हातांनी बघा, एका बाजूला उतरला की डोळा फसलाच. मग रेंजवर जायचं, पाच गोळ्या मारायच्या, एकीवरून काही ठरवायचं नाही. मग दोन हात कानशीचे, परत पाच गोळ्या. आणि शेवटचे दोन-चार हात टेबलावर रायफल टेकवून मारलेल्या गोळ्यांवर विसंबून कधीच नको. मॅच उभ्याने असेल तर उभ्यानेच मारून बघा, टेबलावर रायफल वेगळी उसळते, खांद्यावर वेगळी, माझ्यात जवळजवळ इंचाचा फरक पडतो. टार्गेट कुठलं आहे तेही आधी बघा. ठासणीच्या हत्यारांच्या जागतिक स्पर्धा भरवणारी एमएलएआयसी ही संस्था १९७१ पासून आहे, त्यांच्या पन्नास मीटरच्या बऱ्याच मॅचला पिस्तुलाचं टार्गेट असतं, काळा गोल २० सेंमीचा. खालच्या कडेला माशी टेकवायची तर गोळी टोकाच्या १० सेंमी वर पडेल अशी साइट हवी. अर्ध्या तासात १३ गोळ्या आणि त्यातल्या चांगल्या १० धरतात. त्यांच्यात तोड्याच्या (पेटत्या वातीने बार काढायच्या) बंदुकीचीही मॅच आहे, तानेगाशिमा नावाची, आणि मला दरवेळी वाटतं की आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुका घेऊन कुणी तिथे उभं राहायला हवं.

एका प्रकारात मात्र साइट हलवायचीच नाही, निशाणी हलवायची. टेनेसीकडे ओंडक्यावर नळी टेकवून, झोपून, ६० यार्डांवर मॅच खेळतात, पहिल्या महायुद्धात गाजलेला अमेरिकन सैनिक सार्जंट यॉर्क त्याच भागातला. फळीवर एक फुली असते, ती मध्य. नेम धरायचा कागद शूटरने स्वतः लावायचा, तुमची रायफल दोन इंच वर मारत असेल तर कागद दोन इंच खाली लावा. मग फुलीपासून प्रत्येक भोकाचं अंतर मोजतात, ज्याची बेरीज कमी तो जिंकला. इतकं सरळ आहे.

परत तुमच्या लेखाकडे येतो. गावी आलो की मी संग्रहालयांत जातो, तोड्याच्या काही बंदुकांवर मला पुढे माशी आणि मागे व्यवस्थित पाडलेली खाच दिसली आहे, म्हणजे ज्याने घडवली त्याला दोन बिंदूंशिवाय रेषा होत नाही हे पक्कं माहीत होतं. खाली चिठ्ठीवर मात्र लांबी, धातू, नक्षी एवढंच. एकाही चिठ्ठीवर माशी-खाचेतलं अंतर नाही आणि फोटो काढलेले असतात ते दस्त्यावरच्या नक्षीचे.

म्हणून एक विनंती. तुमचा पेपर सिंधुदुर्ग-रत्नागिरीत घरोघरी जातो. ज्यांच्याकडे लायसनची जुनी ठासणीची बंदूक आहे त्यांना सांगा की बंदूक रिकामी असल्याची खात्री करून माशीचा जवळून एक फोटो काढा, मागे खाच असेल तर तिचाही, दोन्हींमधलं अंतर टेपने मोजा आणि पुरवणीकडे पाठवा. त्याहून महत्त्वाचं, ज्या लोहार-सुतारांनी या बंदुका बनवल्या-दुरुस्त केल्या त्यांच्यापैकी कुणी हयात असतील तर त्यांच्याशी बोला आणि त्यांना माशी कशी बसवायचे ते विचारा. डाक लावायचे की खाच पाडून ठोकायचे, बार काढून बघून घासायचे की नजरेनेच, पितळ कुठून आणायचे. आमची बंदूक आजोबा गेल्यावर जमा झाली, तिच्या माशीची एक बाजू घासलेली होती हे मला स्पष्ट आठवतंय, बोट फिरवलं की लागायचं. ती कुणी घासली आणि कुठल्या बाजूला मार जात होता म्हणून घासली, हे मी आजोबांना विचारायचं राहून गेलं.

आपला,
एक वाचक
मूळ कुडाळ, सध्या सिनसिनाटी, ओहायो